नाण्यावरचं साल आणि यादीतली किंमत

नाण्यांवर संशोधन करायचा विचार असेल, तर जुन्या नाण्यांच्या किमतींच्या याद्या आणि व्हिडिओ तुमच्यासमोर येणारच. बघा, हरकत नाही. पण प्रबंधात पुरावा म्हणून घेण्याआधी व्हिक्टोरिया राणीचा १८६२चा रुपया नीट समजून घ्या.

त्यावर साल स्वच्छ लिहिलेलं असतं. तरी तो १८६२मध्येच पाडला असेल असं नाही. पुढची दहा-बारा वर्षं टांकसाळींनी तोच आकडा कायम ठेवला. दरवर्षी साल बदलायला लागलं ते १८७४पासून. मधल्या वर्षांचे रुपये ओळखायचे तर बारीक ठिपके आणि नक्षीतले फरक भिंगाखाली बघावे लागतात. कंपनी सरकारच्या १८४०च्या रुपयाचीही हीच गत.

आता किमतीची यादी काय करते? 'रुपया, १८६२, चांदी' अशी एक ओळ, आणि नाण्याच्या स्थितीप्रमाणे दोन-तीन किमती. चांगल्या कॅटलॉगमध्ये ठिपक्यांचे प्रकार वेगळे दिलेले असतात, पण नुसत्या भावाच्या यादीत तेच गळतं. अशा यादीवरून कुणी '१८६२मध्ये नाणी एकदम वाढली' असा आलेख काढला, तर आलेख सुरेख दिसेल. तोंडी परीक्षेत मात्र पहिल्याच प्रश्नाला कोसळेल.

किमतीचा घोळ याहून मोठा. किंमत म्हणजे आजच्या संग्राहकांची मागणी. तेव्हा किती नाणी पाडली, हे तिच्यातून कळत नाही. ११.६६ ग्रॅमच्या त्या रुपयात बारापैकी अकरा भाग चांदी होती. १९४०मध्ये ती निम्म्यावर आणली, आणि जास्त चांदीचे जुने रुपये सरकारने पुढच्या काही वर्षांत चलनातून काढून घेतले. कितीतरी वितळले. म्हणजे आज एखादं नाणं दुर्मिळ असेल, तर ते पाडलंच कमी की उरलंच कमी, हा प्रश्न आधी सोडवायला हवा. यादीला त्याच्याशी देणंघेणं नाही. १९४३ ते ४७चा भोकाचा पैसा बघा. युद्धकाळात धातू वाचवायला काढलेला, ढिगानं पाडलेला, आणि व्हिडिओत लाखाच्या गोष्टी! (आपलं नाव वापरून जुन्या नाण्यांच्या व्यवहारात शुल्क उकळलं जातंय, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१मध्ये दिला होता. आजीचा बटवा विकायला काढलेल्यांना तो जरूर सांगा.)

तुमच्या हाती असा बटवा आलाच, तर भाव शोधायच्या आधी प्रत्येक नाणं तोला, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि कुणाकडून, कुठून, कुठल्या नाण्यांसोबत आलं ते लिहून ठेवा. चिंच लावून घासू मात्र नका. ते बारीक ठिपके आधीच झिजलेले असतात.