कलाटणी, वळण आणि प्रवर्तन

आजचं बोलणं काही शब्दांविषयी आहे. पुस्तकांची मलपृष्ठं, प्रस्तावना, गौरवग्रंथ, श्रद्धांजलीचे लेख, काहीही उघडा. अमुक कादंबरीने मराठी साहित्याला कलाटणी दिली. तमुक नाटक मैलाचा दगड ठरलं. ते वर्ष निर्णायक होतं. हा कवी युगप्रवर्तक. आम्हीही वर्गात अशी वाक्यं पुष्कळदा टाकली आहेत, आणि विद्यार्थ्यांनी ती इमानाने वहीत उतरवून घेतली आहेत. तेव्हा आजची टीका आधी आमच्यावर आहे, मग इतरांवर.

आमचं म्हणणं थोडक्यात असं, की हे शब्द वर्णनासारखे दिसतात, पण असतात निवाडे. निवाडा देणाऱ्याने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायला हवीत. कोणी वळवलं? कोणासाठी वळलं? आणि वळलं हे कळलं केव्हा?

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. आर्थर डांटो या अमेरिकन तत्त्वज्ञाने इतिहासलेखनावरच्या आपल्या १९६५ च्या ग्रंथात एका साध्या वाक्याकडे लक्ष वेधलं आहे. तीस वर्षांचं युद्ध १६१८ मध्ये सुरू झालं, हे ते वाक्य. आता गंमत पाहा. हे वाक्य खरं आहे, पण १६१८ मध्ये ते कुणालाच म्हणता आलं नसतं. युद्ध तीस वर्षं चालणार, हे ठाऊक कुणाला होतं? १६४८ उजाडल्याशिवाय १६१८ चं हे वर्णन शक्यच नाही. आपल्या 'कलाटणी'चंही असंच आहे. ती त्या दिवशी तिथे पडलेली नसते. नंतरचा माणूस मागे वळून पाहतो, आणि त्याला ती दिसते. म्हणून तो नंतरचा माणूस कुठे उभा आहे, हे विचारावं लागतं.

पानिपत घ्या. १४ जानेवारी १७६१. 'पानिपत होणे' हा तर आपल्या भाषेत वाक्प्रचारच होऊन बसला. १८१८ मध्ये उभं राहून मागे पाहिलं, की पानिपत ही उताराची सुरुवात वाटते. पण १७७१ मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. त्या वर्षी महादजी शिंद्यांच्या छावणीत उभ्या असलेल्या माणसाला पानिपत कसं दिसलं असेल? मोठा घाव, पण भरत आलेला. घटना एकच, पण शब्द बदलतो, कारण पाहणाऱ्याची जागा बदलते. आम्ही पानिपताचं महत्त्व कमी करत नाही आहोत. 'कलाटणी' म्हणताना आपण १८१८ कडून उसनं घेतो, एवढंच सांगतो आहोत. उसनं घेतलंय, हे कबूल करावं.

आता 'कोणासाठी' हा प्रश्न. १९६३ हे वर्ष मराठी साहित्याला वळण देणारं, असं म्हटलं की बहुतेकांच्या मनात 'कोसला' येते. रास्तच आहे. पण त्याच वर्षी बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. एका पुस्तकात खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला मुलगा आहे, दुसऱ्यात जात लपवल्याशिवाय डोक्यावर छप्पर न मिळणारा माणूस. एकाच वर्षातली ही दोन वळणं एकाच रस्त्यावरची आहेत का? आम्हाला तसं वाटत नाही. पण आपण 'मराठी साहित्याला' असा एकवचनी शब्द वापरतो, आणि रस्ता एकच होता असं गृहीत धरून चालू लागतो. मग दुसरं पुस्तक 'दलित साहित्याच्या' वेगळ्या प्रकरणात जातं, आणि पहिलं मुख्य रस्त्यावर राहतं. हा निवाडा कुणी दिला? शब्दाने दिला, आणि आपण बघत राहिलो.

राहिला 'कोणी' हा प्रश्न. इथे क्रियापदांकडे पाहावं. कलाटणी 'मिळते' किंवा कुणीतरी ती 'देतो'. मिळाली म्हटलं, की करणारा गायब. दिली म्हटलं, की सगळं श्रेय एका हातात. मैलाच्या दगडाचं तर बोलायलाच नको. तो सरळ रस्त्यावरही असतो, किती अंतर झालं तेवढं सांगतो, आणि रस्ता त्याच्यामुळे कधीच वळत नाही! 'निर्णायक क्षण' म्हणतो तेव्हा निर्णय क्षणाने घेतल्यासारखं वाटतं. क्षण कसला निर्णय घेतो? माणसं घेतात.

त्या मानाने 'वळण' हा शब्द शहाणा आहे. रस्त्याला वळण असतं, तसं अक्षरालाही असतं. मुलांना वळण लावतात. ते एका दुपारी लागत नाही. पाटीवर गिरवून गिरवून लागतं. वळणं आणि सवय होणं या दोन्ही गोष्टी मराठीने एकाच शब्दात ठेवल्या आहेत. शिवाय वळणाचं पाणी वळणावर जातं, ही सावधगिरीही याच शब्दापाशी आहे. कलाटणी जाहीर करण्याआधी पाणी जुन्याच वळणाने तर वाहत नाही ना, हे पाहावं.

कुणी म्हणेल, सर, मग खरा कलाटणीचा दिवस नसतोच का? असतो. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. पण त्या दिवसाकडे नीट पाहा. धर्मांतराची घोषणा बाबासाहेबांनी येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी केली. मे १९३६ मध्ये मुंबईत त्यावर परिषद झाली. मधली एकवीस वर्षं वाचन, वाद, विचार आणि लोकांची तयारी यांत गेली. बुद्ध आणि त्याच्या धम्मावरचा त्यांचा ग्रंथ तर त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि त्या दिवसाला नाव काय आहे? धम्मचक्र प्रवर्तन. प्रवर्तन म्हणजे चाक फिरवणं. फिरवणारा आहे, आणि पुढे ते फिरत ठेवायची जबाबदारीही आहे. ज्यांच्यासाठी ते फिरलं, ते लाखो लोक समोर हजर होते, आणि दीक्षा त्यांनी स्वतः घेतली. आमच्या तिन्ही प्रश्नांना तो दिवस उत्तर देतो. आपण मात्र 'युगप्रवर्तक' हाच शब्द कुणाच्याही पंच्याहत्तरीला वापरून झिजवून टाकला.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. सगळं श्रेय एका दिवसाला दिलं, की त्याआधीची एकवीस वर्षं कुणी शिकवत नाही. आणि जी शिकवत नाहीत, ती वर्षं पुढच्या पिढीला आपलीही असू शकतात, हे कळत नाही. ती पोरं कलाटणीची वाट पाहत बसतात.

म्हणून विनंती एवढीच. पुढच्या वेळी 'कलाटणी' लिहाल, तेव्हा आधी ते तीन प्रश्न विचारा. उत्तरं मिळाली तर शब्द खुशाल ठेवा. नाही मिळाली, तर काय घडलं ते साध्या वाक्यात सांगा. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी ऐकत असेल, तर त्या वहीतलं आमचं वाक्यही तपासून घ्यावं.