‘स्ट्रगल’ आणि ‘खस्ता’

मराठीत इंग्रजी शब्द किती शिरले ह्याची मोजदाद आपण हौसेने करतो. ते शिरल्यावर कोणत्या क्रियापदांच्या संगतीस राहिले, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहतो. वस्तुतः नामाचा स्वभाव त्याच्या क्रियापदावरून कळतो. प्रस्तुत टिपणात दुःख आणि झगडा ह्या अर्थक्षेत्रांतील काही इंग्रजी शब्द मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड ह्या दोन पट्ट्यांत, मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी कसे वावरतात, हे ह्या दृष्टीने पाहावयाचे आहे.

प्रथम मराठीची आपली क्रियापदे पाहावीत. आपण खस्ता खातो, टक्केटोणपे खातो, हाल सोसतो, कष्ट उपसतो, दिवस काढतो. पुढ्यात येऊन पडलेल्या गोष्टीचे काय केले, हे ही क्रियापदे सांगतात. खस्ता खाणाऱ्याने त्या मागविलेल्या नसतात, हे त्या वाक्प्रचारातच गृहीत आहे. ‘स्ट्रगल’ ह्या शब्दाला मात्र ह्यांतील एकही क्रियापद मानवत नाही. स्ट्रगल कोणी खात नाही, कोणी सोसत नाही. तो केवळ ‘केला’ जातो. ‘करणे’ आले की कर्त्याची इच्छा आली, आणि इच्छेच्या पाठोपाठ फळाची अपेक्षाही आली.

ह्याचे उत्तम उदाहरण अंधेरी पश्चिमेस सापडते. वर्सोव्याच्या आरामनगरात चित्रपट-मालिकांच्या निवडचाचण्यांसाठी छायाचित्रे घेऊन हिंडणारा तरुण स्वतःला ‘स्ट्रगलर’ म्हणवितो. इंग्रजीत हा साधा कर्तृवाचक शब्द. मुंबईने त्याला जवळजवळ व्यवसायनामाची प्रतिष्ठा दिली. यश लाभले की तोच काळ ‘स्ट्रगलचे दिवस’ म्हणून मुलाखतीत मिरवतो. न लाभले तर माणसाबरोबर शब्दही गळून पडतो. त्याच वर्सोव्यात पहाटेपासून मासळीची पाटी मांडून बसणाऱ्या कोळणीला मात्र कोणी स्ट्रगलर म्हणत नाही. ती कष्टच उपसते. शब्दाची वाटणी श्रमांच्या मापाने झालेली नाही, अपेक्षित फळाच्या मापाने झाली आहे, हे येथे स्पष्ट दिसते.

शारीरिक वेदनेच्या शब्दांची कथा निराळी आहे. तेथे मराठी इतकी श्रीमंत आहे की उसनवारीचे कारणच पडू नये. पाठीत उसण भरते, गुडघ्यात चमक निघते, गळू ठणकते, जखम चुरचुरते, पोटात मुरडा येतो, दाढेतून कळ जाते. ह्यांतील प्रत्येक शब्द दुखण्याची जात सांगतो, पुष्कळदा जागाही सांगतो. १९७५ साली रोनाल्ड मेलझॅक ह्या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने रुग्णाची वेदना नेमकी कळावी म्हणून तिची अठ्ठ्याहत्तर विशेषणे वीस गटांत मांडून एक प्रश्नावली सिद्ध केली. आमच्या आज्यांपाशी त्या प्रश्नावलीचे बरेचसे साहित्य तोंडपाठ होते! आज मुलुंडच्या दवाखान्यात रुग्ण ‘पेन होतंय’ एवढेच सांगतो, आणि डॉक्टरांना ‘म्हणजे नेमके कसे?’ असे पुन्हा विचारावे लागते. बाळंतिणीच्या ‘वेणा’ हा तर ‘वेदना’ ह्या संस्कृत शब्दाचाच बायकांच्या जिभेवर झिजून गुळगुळीत झालेला अवतार. त्याची जागा ‘पेन्स सुरू झाले’ ह्या वाक्याने घेतली आहे. येथे लाभ काय झाला, हे मला तरी दिसत नाही.

‘टेन्शन’ ह्या शब्दाचे गोत्र मौजेचे आहे. त्याच्या मुळाशी असलेला ताणण्याच्या अर्थाचा लॅटिन धातू आणि ‘ताण’ शब्दातील संस्कृत ‘तन्’ हे एकाच कुळातले. दूरदेशी गेलेला भाऊबंद परत घरी यावा तसा हा शब्द आला आहे. परंतु त्याचा संसार वेगळा. ताण पडतो, ताण येतो. टेन्शन ‘घेतले’ जाते. ‘टेन्शन घेऊ नकोस’ ह्या प्रेमळ उपदेशात, ते तूच घेतले आहेस, असा एक आरोपही दडलेला आहे. घरभाडे वाढविणारा, पगार थकविणारा वाक्याबाहेर राहतो.

तथापि न्यायबुद्धीने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ‘डिप्रेशन’ ह्या शब्दाने जे काम केले, ते आपल्या एकाही रूढ शब्दाला साधले नव्हते. ‘डोक्यावर परिणाम झाला’ म्हणताच घराची लाज जात असे. ‘डिप्रेशन आहे’ म्हणून माणूस वैद्याकडे जाऊ शकतो. परक्या शब्दाला आपल्या समाजाचा कलंक चिकटलेला नसतो, हा त्याचा मोठा गुण होय.

घाटकोपरचा इतिहास ह्या संदर्भात बोलका आहे. डॉ. दत्ता सामंत ह्यांचा दवाखाना पंतनगरात होता; दगडखाणीतील मजुरांवर उपचार करता करता ते त्यांच्या संघटनेकडे वळले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाचे त्यांनी नेतृत्व केले. त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्या काळच्या कामगाराच्या भाषेत युनियन, बोनस, ओव्हरटाइम, सेटलमेंट असे इंग्रजी शब्द विपुल होते. परंतु ते व्यवहाराचे होते. लढा, संप, मोर्चा, उपासमार हे शब्द त्याने आपलेच ठेवले. ‘स्ट्रगल’ त्याच्या तोंडी फारसा नव्हता, कारण त्याची झुंज एकट्याची नव्हती.

वाङ्मयसमीक्षेत हा शब्द येऊ लागला की मला धास्ती वाटते, ती ह्यासाठी. अलीकडे विद्यार्थ्यांच्या निबंधांत दलित आत्मकथनांविषयी ‘लेखकाचा स्ट्रगल’ असे सर्रास लिहिलेले आढळते. तसे लिहिताच जातिव्यवस्थेने लादलेले जिणे हे लेखकाच्या पुढील यशाची प्रस्तावना होऊन बसते. ह्या ग्रंथांची नावे पाहावीत. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण मान्यांचा ‘उपरा’ (१९८०), लक्ष्मण गायकवाडांचा ‘उचल्या’ (१९८७): एकाही नावात वेदना किंवा संघर्ष हा शब्द नाही. गावगाड्यातील वाटा, समाजाने दिलेली जागा, समाजाने मारलेला शिक्का, अशी ती नावे आहेत. दुःख कोणाला झाले ह्यापेक्षा ते कोणत्या व्यवस्थेतून आले, हे ती आधी सांगतात. ऊर्मिला पवार ह्यांच्या ‘आयदान’ (२००३) ह्या आत्मकथनाचे माया पंडित ह्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २००८ साली ‘द वीव्ह ऑफ माय लाइफ’ ह्या नावाने निघाले. नाव सुंदर आहे, पण त्यात ‘माझे आयुष्य’ पुढे आले आणि वस्तू मागे सरली. आयदान म्हणजे बांबूच्या सूप-टोपल्या. लेखिकेची आई त्या विणून विकत असे आणि त्यावर मुलांचे पोट भरीत असे.