पाहण्याचा हक्क

दलित साहित्याच्या चळवळीने आपल्याला बोलायला शिकवले, लिहायला शिकवले, प्रस्थापितांच्या पोथ्यांतले खोटे हुडकून काढायला शिकवले. चित्र पाहायला मात्र तिने शिकवले नाही. आपले अंक, आपली चर्चासत्रे, संमेलनांतले परिसंवाद डोळ्यांपुढे आणा. कविता आहे, आत्मकथन आहे, नाटक आहे, जलसा आहे. चित्रकार येतो तो बहुधा मुखपृष्ठापुरता. त्याचे नाव आतल्या पानावर बारीक टाइपात असते आणि त्याच्या चित्राविषयी अंकात एक ओळ नसते.

ही उणीव केवळ रसिकतेची असती तर तिच्यासाठी हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ती विचाराची उणीव आहे. जातिव्यवस्था जितकी स्पर्शाची, तितकीच ती नजरेची व्यवस्था आहे. पेशवाईत अस्पृश्याची सावलीसुद्धा विटाळ करीत असे. पुण्यात त्याला गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिभेदनिर्मूलना'त नोंदवले आहे. तिरुनेलवेलीकडच्या पुरद वण्णान जातीच्या लोकांनी दिवसा कोणाच्या दृष्टीसच पडायचे नाही, असा दंडक होता. त्याचाही उल्लेख त्यांनी केला आहे. आपल्याकडे गावात आमच्या आज्याने मान वर करून पाटलाच्या डोळ्याला डोळा दिला तर तो माज ठरत असे. कोणी कोणाला पाहावे, कोणी खाली पाहावे, कोणी दिसूच नये, हे ज्या समाजाने ठरवून ठेवले, त्या समाजात चित्रकला निरुपद्रवी कशी असेल? पाहणे हाच जिचा धर्म, तिच्या अंगणात आपण गेलो नाही, ही साधी गोष्ट नाही.

आपल्याकडे चित्रच नव्हते असेही नाही. नांदेड जिल्ह्यातल्या ज्या घरात मी वाढलो आणि ज्या घरातला मी पहिला पदवीधर, त्या घराच्या भिंतीवर दोन चित्रे होती. एक बुद्धाचे, दुसरे बाबासाहेबांचे. निळा कोट, हातात ग्रंथ, समोर रोखलेली नजर. या चित्राला कॅलेंडर-कला म्हणून नाक मुरडणाऱ्यांना ते कळलेलेच नाही. गळ्यातल्या मडक्याला दिलेले ते उत्तर आहे. त्यातला कोट कपडा म्हणून येत नाही, विधान म्हणून येतो. चौकातल्या पुतळ्याच्या उंचावलेल्या बोटाचा अर्थ वस्तीतल्या निरक्षर बाईलाही सांगावा लागत नाही. आपली पहिली कलादालने म्हणजे ही घरे, हे विहार, या वस्त्यांच्या भिंती. त्या भिंती रंगवणारा पेंटर आपला पहिला चित्रकार. फ्लेक्स आला आणि त्याच्या हातचा ब्रश गेला. त्याचा इतिहास आपण लिहिलेला नाही.

पण या चित्राने आपल्याला एक सवयही लावली. कोणतेही चित्र समोर आले की आपण विचारतो, 'यातला संदेश काय?' संदेश सापडला की चित्र पाहून झाले! एकेकाळी प्रस्थापित समीक्षक आपल्या कवितेला विचारीत, 'यात काव्य कुठे आहे?' त्यांनी कविता वाचलीच नव्हती. संदेश काढून घेऊन चित्र टाकून देणारे आपण वेगळे काय करतो? चित्रातला विचार रेघेत असतो, रंगाच्या थरात असतो, माणसाला चौकटीत कुठे उभे केले आहे त्यात असतो.

चित्रकला हा वरच्या वर्गाचा छंद, ही समजूतही सोडली पाहिजे. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. त्यातले कृष्णाजी हौळाजी आरा हे घरगडी होते, साहेबांच्या मोटारी धूत होते. पंढरपुरात जन्मलेले हुसेन सिनेमाची होर्डिंगे रंगवून पोट भरत होते. लातूर-नांदेडच्या बोर्ड रंगवणाऱ्या पोराला हा इतिहास कोणी सांगत नाही.

आजच्या चित्रकारांत दोन नावे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत : सुधीर पटवर्धन आणि सवी सावरकर.

पटवर्धनांचा जन्म १९४९ चा, पुण्यातला. पेशाने ते क्ष-किरण तज्ज्ञ. १९७५ पासून तीस वर्षे ठाण्यात त्यांनी तो व्यवसाय केला. 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७), 'ट्रेन' (१९८०), 'लोअर परळ' (२००१) ही त्यांची चित्रे पाहा. त्यांचा कामकरी माणूस पोस्टरवरच्यासारखा मूठ आवळून उभा राहत नाही. तो बसतो, वाट पाहतो, गर्दीतून चालतो. त्याच्या खांद्याचे वजन, दमलेल्या अंगाचा भार हे सारे चित्रकाराने सहानुभूतीचा गळा न काढता रंगवले आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव कसे मोडत गेले, हे शंभर भाषणांपेक्षा 'लोअर परळ'मध्ये अधिक कळते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून जगायला मुंबईस गेलेली आपली माणसे अशाच पुलांवरून, अशाच रुळांकडेने कामाला गेली.

इथेच माझा प्रश्न उभा राहतो. तो माणूस कामगार आहे हे चित्र सांगते. तो कोण कामगार आहे हे सांगत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचे उष्टे सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता. म्हणजे एकाच गिरणीत, एकाच भोंग्यावर जाणारी माणसे एक नव्हती. पटवर्धनांच्या चौकटीत वर्ग दिसतो, जात अंगावरच्या कपड्यांखाली राहते. चित्रकाराचा हेतू यात संशयित नाही. त्यांनी २००८-०९ मध्ये 'विस्तारणारी क्षितिजे' हे आधुनिक भारतीय चित्रांचे प्रदर्शन महाराष्ट्राच्या शहरांतून फिरवले. मुंबईच्या दालनांबाहेरही चित्र पाहणारी माणसे आहेत असे मानणारा हा कलावंत आहे. प्रश्न उभे राहण्याच्या जागेचा आहे. बाहेर उभे राहून प्रामाणिकपणे पाहता येते; पण बाहेरून सगळे दिसत नाही.

सवी सावरकर आतून पाहतात. १९६१ साली नागपुरात जन्म, नागपूर आणि बडोदा येथे शिक्षण, पुढे दिल्लीच्या कला महाविद्यालयात अध्यापन. त्यांच्या चित्रांत गळ्यात मडके अडकवलेला माणूस पुन्हा पुन्हा येतो, झाडू येतो, देवदासी येते, मनू येतो. ते मुळात मुद्राचित्रणाचे, अम्लांकनाचे कलावंत. ही पद्धत समजून घेतली तर त्यांची रेघ कळते. धातूच्या पत्र्यावर लेप द्यायचा, सुईने त्यावर ओरखडायचे, मग पत्रा तेजाबात सोडायचा. जिथे ओरखडा तिथे तेजाब धातू खातो. त्या खाचेत शाई भरायची आणि दाबयंत्राखाली कागदावर उमटवायची. म्हणजे कागदावर दिसते ती रेघ ही आधी धातूला झालेली जखम असते. सावरकरांची काळी, तुटक, खरबरीत रेघ ही हौसेने पत्करलेली शैली नव्हे. विषयाने मागितलेली ती रेघ आहे. गुळगुळीत रेघेत हा माणूस मावला नसता. शिवाय एका पत्र्यावरून अनेक प्रती निघतात. आपल्या अनियतकालिकांचा जो धर्म, तोच या माध्यमाचा.

लातूरच्या माझ्या वर्गात मी ही चित्रे दाखवली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आपल्या माणसांना असं कुरूप का काढलंय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे अर्धे उत्तर सोपे आहे. सुरूपतेचे माप कोणी ठरवले? देवदासीचा चेहरा गोड काढला असता तर तो तिच्यावरच्या अत्याचाराचा शृंगार झाला असता. जोगतीण आणि पोतराज पाहिलेल्या आपल्या सीमाभागातल्या मुलांना हे लवकर पटते. उरलेले अर्धे उत्तर कठीण आहे. ती मुलगी मागत होती स्वतःचे सबंध, ताठ, वाचणारे, हसणारे रूप. मडके आणि झाडू या प्रतिमा फार वेळा आल्या की त्यांचा शिक्का होतो, आणि शिक्क्याकडे कोणी निरखून पाहत नाही. श्रीमंताच्या दिवाणखान्यात आपली वेदना शोभेची वस्तू होण्याचा धोकाही तिथूनच सुरू होतो. सावरकरांच्या चांगल्या चित्रांत रेघ या शिक्क्याला हाणून पाडते. जिथे रेघ थकते तिथे नुसती खूण उरते. आपल्या चित्रकारावर प्रेम करायचे तर एवढे बोललेच पाहिजे.

त्या मुलीच्या मागणीला पुढची पिढी उत्तर देते आहे. विक्रोळीचे विक्रांत भिसे पँथरचे दिवस, मोर्चे, कष्टकऱ्यांचे जथे कॅनव्हासवर आणतात. तिथे माणूस एकटा वाकलेला नसतो; तो समूहात असतो, चालत असतो. प्रभाकर कांबळे यांनी 'उतरंड' रचली. मडक्यावर मडके : आपल्या प्रत्येक घरात होती ती उतरंड! श्रेणीबद्ध विषमतेवर आपण किती पाने लिहिली. या कलावंताने ती आजीच्या स्वयंपाकघरातून उचलून समोर मांडली. खालचे मडके काढले तर काय होईल, हे पाहणाराच स्वतःला विचारतो. २०२२ मध्ये ती बर्लिनच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात पोहोचली. आमच्या वर्गातल्या मुलांपर्यंत ती अजून पोहोचायची आहे.

ती का पोहोचत नाही? लातूरने गुणांचा 'पॅटर्न' देशाला दिला. नांदेडातही शिकवणीवर्गांच्या पाट्यांनी रस्ते झाकले आहेत. या धबडग्यात चित्रकला उरते ती एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेपुरती, दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी. त्या परीक्षेत 'स्मरणचित्र' नावाची एक प्रश्नपत्रिका असते. किती अर्थपूर्ण शब्द! पण मुले जत्रा काढतात, बसस्थानक काढतात, पावसातल्या छत्र्या काढतात. ज्या पोरीची दिवाळी आईबापाबरोबर ऊसतोडीच्या कोपीत जाते, तिच्या स्मरणात छत्र्याच असतील काय? जिच्या आजीने १९७८ साली नामांतरासाठी पेटलेली वस्ती पाहिली, तिच्या स्मरणात जत्राच असेल काय? काय आठवायचे आणि काय काढायचे हेही तिला दुसऱ्यानेच ठरवून दिले आहे. पुरद वण्णानांवर दिवसा न दिसण्याची सक्ती होती. इथे सक्ती कोणी केलेली नाही. पोर स्वतःच स्वतःला चित्राबाहेर ठेवते.

म्हणून काही कामे आपल्यालाच करावी लागतील. आपल्या प्रत्येक अंकात एका चित्रकारावर एक लेख यावा. मुखपृष्ठाचे ऋण तेवढ्याने फिटणार नाही, पण सुरुवात होईल. १४ एप्रिलला पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांच्या फ्लेक्सवर जो पैसा जातो, त्यातला थोडा विहाराच्या भिंतीवर पंधरा चांगल्या मुद्रित प्रती लावायला पुरेल; आणि चित्रांपाशी बोलणारा एक शिक्षक हवा. वस्तीतला जुना पेंटर शोधून त्याला मुलांपुढे बसवावे. आणि साहित्याच्या शिक्षकांनी 'मला चित्रातले कळत नाही' हे पालुपद सोडावे. कविता तरी आपल्या बापजाद्यांना कोणी शिकवली होती? आपण ती हिसकावून घेतली. चित्रही तसेच घ्यावे लागेल, मान वर करून, डोळ्याला डोळा देऊन.