गोगँचे ताहिती : पाहिलेले आणि रचलेले

पॉल गोगँ (१८४८–१९०३) हा संसार व शेअरदलालाकडील नोकरी सोडून दूरच्या बेटावर गेलेला कलावंत म्हणून सर्वपरिचित आहे. (१८८२ मध्ये पॅरिसचा शेअरबाजार कोसळला, हा तपशील या कथेत सहसा गळतो.) जन्म पॅरिसचा, बालपण पेरूतील लिमाचे, तरुणपणी व्यापारी जहाजांवर व नौदलात नोकरी, १८८७ मध्ये पनामा व मार्तिनीक, १८९१ पासून ताहिती आणि अखेर मार्केसस बेटांवर मृत्यू, असा त्याचा प्रवास आहे. एवढा फिरलेल्या चित्रकाराने जे रंगविले ते प्रत्यक्ष पाहिलेले असणार, असा समज स्वाभाविक असला तरी तो तपासून पाहणे आवश्यक ठरते.

गोगँ ताहितीत पोहोचला तेव्हा तेथे प्रोटेस्टंट मिशनरी येऊन सुमारे एक शतक लोटले होते. १८८० पासून बेट ही फ्रेंच वसाहत होती. अखेरचा राजा पाचवा पोमारे हा गोगँ आल्यानंतर काही दिवसांतच वारला. जुन्या देवतांची पूजा केव्हाच लोपली होती. त्या देवता गोगँला भेटल्या त्या मोरेनहूट यांच्या १८३७ च्या ग्रंथात. त्यातील उतारे त्याने वहीत उतरवून घेतले आणि पुढे ‘नोआ नोआ’ या पुस्तकात त्याच कथा आपल्या तरुण ताहितियन सहचरीच्या तोंडी घातल्या.

चित्रांतही हेच घडले. ‘इआ ओराना मारिया’ (१८९१) मध्ये तांबडे वस्त्र नेसलेली ताहितियन मेरी खांद्यावर बाळ घेऊन उभी आहे व दोन स्त्रिया हात जोडून तिला वंदन करीत आहेत. ही अंजलिमुद्रा भारतीय प्रेक्षकास ओळखीची वाटते, आणि ते योग्यच आहे. या आकृती जावातील बोरोबुदूरच्या बौद्ध शिल्पपटांवरून घेतल्या असून त्यांची छायाचित्रे गोगँच्या सामानात होती. ‘ता मातेते’ (१८९२) मधील बाकावर ओळीने बसलेल्या स्त्रियांची ठेवण इजिप्तच्या भित्तिचित्रांची आहे. ज्यास ‘आदिम’ म्हटले गेले त्याचा बराचसा भाग असा पेटीतून आलेला होता.

एवढ्याने चित्रे खोटी ठरत नाहीत. उसनवारी हा चित्रकलेत दोष मानला जात नाही, आणि गोगँची सपाट रंगक्षेत्रे व ठाम बाह्यरेषा ही त्याची स्वतःची कमाई आहे. आक्षेप आहे तो उसन्या गोष्टीस बेटाचे सत्य म्हणून सादर करण्यास. ‘नोआ नोआ’तील सहचरी त्याच्याच सांगण्यानुसार सुमारे तेरा वर्षांची, तर तो चाळिशी ओलांडलेला. हा संबंध ‘निसर्गसुलभ’ भासविण्यास हेच रचलेले ताहिती त्याच्या उपयोगी पडले. चरित्र आणि चित्र वेगळी ठेवावीत हा नेहमीचा युक्तिवाद म्हणूनच येथे अपुरा पडतो.

या संदर्भात तेहामानाचे १८९३ चे व्यक्तिचित्र विशेष पाहण्यासारखे आहे. तिच्यामागे एक मूर्ती आणि ईस्टर बेटावरील अद्याप न उलगडलेल्या लिपीसारखी अक्षरे आहेत. ताहितीशी त्या लिपीचा संबंध नाही. मात्र तेहामानाच्या अंगात मिशनऱ्यांनी रुजविलेला, गळ्यापर्यंत बंद असा पट्ट्यापट्ट्यांचा झगा आहे. बेटावरच्या स्त्रिया त्या काळी तेच वापरीत. हे वस्त्र गोगँने येथे रंगविले आहे, आणि त्याच्या घडीन् घडीवर हात फिरविला आहे.