‘माराचा मृत्यू’ : हुतात्म्याची घडण

फ्रेंच राज्यक्रांतीच्या जहाल पर्वात जाक-लुई दाव्हिदने रंगविलेले ‘माराचा मृत्यू’ (१७९३) हे चित्र निव्वळ शोकचित्र मानणे अपुरे ठरते. १३ जुलै १७९३ रोजी शार्लोत कोर्देने स्नानाच्या टबात बसलेल्या ज्यां-पॉल माराची हत्या केली. चित्रात कोर्दे नाही; तिचे पत्र आणि सुरा तेवढा आहे. वृत्तपत्रातून शत्रूंची मुंडकी मागणारा, त्वचारोगाने जर्जर झालेला मारा येथे नितळ कांतीचा संत होतो. लाकडी खोक्यावर पाच मुलांच्या आईसाठी ठेवलेली नोट व चिठ्ठी त्याच्या दातृत्वाची जणू साक्षच देतात. ही साक्ष अर्थातच चित्रकाराने मांडलेली आहे. खाली लोंबणारा हात क्रुसावरून उतरविलेल्या ख्रिस्ताची आठवण देतो, आणि तेही चर्चविरोधी मोहीम ऐन भरात असताना! दाव्हिद त्याच काळात सर्वसाधारण सुरक्षा समितीचा सदस्य होता. अटकेच्या हुकुमांवर त्याच्या सह्या आहेत. या करुणेला ती पार्श्वभूमी आहे. मात्र निम्मी चौकट व्यापणारी रिकामी, काळसर भिंत कोणताच प्रचार करीत नाही. चित्राची खरी ताकद तेथे आहे. नॅशनल कन्व्हेन्शनच्या सभागृहात लावलेले हे चित्र रोबेस्पिएरच्या पाडावानंतर, १७९५ मध्ये, चित्रकाराकडे परत आले.