युद्धकाळातील विरोधी पक्षांची संसदीय नीती : १९६२ च्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
१९६२ च्या भारत-चीन युद्धाचा विषय आपल्या भागात निघाला की चर्चा यशवंतराव चव्हाणांपाशी येऊन थांबते. देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव २१ नोव्हेंबर १९६२ रोजी संरक्षणमंत्री झाले, ही मिरज-सांगलीकरांच्या अभिमानाची बाब आहेच. परंतु विरोधी पक्षांची भूमिका मात्र ‘संकटकाळी त्यांनी शासनाला साथ दिली’ या एका वाक्यात आटोपली जाते. प्रस्तुत लेखात या विधानाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचन :
२० ऑक्टोबरला चीनचे आक्रमण झाले आणि २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली. लोकसभेत काँग्रेसचे सुमारे ३६० सदस्य असल्याने मतदानाच्या बळावर विरोधकांना काही साधणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी चर्चेचा आग्रह धरला. त्यांच्या मागणीनंतर ८ नोव्हेंबरला, म्हणजे ठरल्यापेक्षा लवकर, अधिवेशन भरले. त्याच्या आदल्याच दिवशी कृष्ण मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले होते. त्यामागे काँग्रेसमधील असंतोष प्रभावी होता, हे मान्य करूनही विरोधकांच्या टीकेचा वाटा नाकारता येत नाही. १४ नोव्हेंबरला आक्रमकाला हुसकावून लावण्याचा ठराव सर्व पक्षांनी मिळून संमत केला. युद्धाला पाठिंबा आणि तयारीविषयी जाब, हा या नीतीचा गाभा होता.

युद्ध थांबल्यावर जाब अधिक तीव्र झाला. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानी यांनी स्वतंत्र भारतातील पहिला अविश्वास ठराव मांडला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. मात्र संरक्षणसिद्धतेतील त्रुटींवर सभागृहात उघड चर्चा झाली. २ सप्टेंबरला यशवंतरावांनी पराभवाच्या चौकशीतील काही निष्कर्ष लोकसभेपुढे ठेवले. संपूर्ण अहवाल शासनाने अधिकृतपणे प्रसिद्ध केला नाही, ही या जाबाची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते.

या नीतीतील खरी उणीव आणीबाणीच्या संदर्भात दिसते. नोव्हेंबर १९६२ मध्ये कलम २१ व २२ खालील हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार स्थगित झाला. त्याच महिन्यात अनेक कम्युनिस्ट नेत्यांना स्थानबद्ध करण्यात आले. युद्ध महिनाभर चालले. आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत टिकली. मध्ये १९६५ चे युद्ध झाले हे खरे, तरी पाठिंबा देतानाच मुदतीची अट घालून घेण्यात विरोधकांना यश आले नाही. संसदेच्या वेळोवेळीच्या संमतीविना आणीबाणी चालू राहू नये, ही तरतूद राज्यघटनेत येण्यास १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती व्हावी लागली.

समारोप :
सारांश, १९६२ चे विरोधक मूक नव्हते. परंतु प्रश्न विचारण्यात ते जितके जागरूक होते, तितके अधिकार सुपूर्द करताना नव्हते. राज्यशास्त्राच्या अध्यापकांनी या दोन्ही बाजू विद्यार्थ्यांसमोर ठेवणे अगत्याचे वाटते. सीमेवर संकट असताना शासनाला बळ देणे हे विरोधी पक्षाचे कर्तव्यच होय. ते बळ कोठवर आणि किती काळासाठी, हे ठरवून घेणे हेही त्याच कर्तव्याचे अंग मानले पाहिजे.