राष्ट्राचे रक्षण आणि ईश्वराचे नाव : विवेकानंदांच्या एका आक्षेपाची समीक्षा

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम नावाचे गाव आहे. आश्रम गावाच्या नावातच सामावला आहे, एवढी तेथील विवेकानंद आश्रमाची त्या परिसरावर छाप आहे. हा आश्रम शुकदास महाराजांनी उभा केला. २०१७ साली त्यांचे देहावसान झाले. परंतु रुग्णसेवा, शाळा आणि कृषिशिक्षण ही त्यांनी लावलेली कामे आजही चालू आहेत. पौषात स्वामी विवेकानंदांच्या जयंतीचा उत्सव भरतो. तेव्हा लाखो माणसे उघड्या शेतात पंगती धरून बसतात आणि पुऱ्या व वांग्याची भाजी ट्रॅक्टरांतून आणून त्यांना वाढली जाते. बौद्ध विचाराच्या अभ्यासकाने हे दृश्य अवश्य पाहावे, असे आम्हांस वाटते. आपल्याला न पटणाऱ्या श्रद्धेतूनही पटणारे काम उभे राहू शकते, हे मान्य करण्याची सवय आपण ठेवली पाहिजे.

वऱ्हाडातील सप्ताहांतून व प्रवचनांतून एक सिद्धांत वारंवार ऐकू येतो. ज्या राष्ट्राची ईश्वरावर निष्ठा आहे त्यावर ईश्वराचा वरदहस्त असतो. निष्ठा ढळली की संरक्षण जाते आणि परचक्र येते. या सिद्धांताची दुसरी बाजू आम्हां बौद्धांकडे रोखलेली असते : तुम्ही या देशातून देव काढून घेतला, म्हणून तुमचा धम्मही गेला आणि देशही दुबळा झाला. प्रवचनकारांच्या विधानांना उत्तर देत बसण्यात अर्थ नसतो. परंतु हा आक्षेप त्यांचा नाही. तो विवेकानंदांचा आहे आणि त्यांनी तो जगासमोर मांडलेला आहे. म्हणून त्याची समीक्षा मूळ ठिकाणी जाऊनच केली पाहिजे.

शिकागोची सर्वधर्मपरिषद ११ ते २७ सप्टेंबर १८९३ या काळात भरली. त्यातील २६ सप्टेंबरच्या भाषणात विवेकानंद बौद्ध धर्माविषयी बोलले. आपण बौद्ध नाही आणि तरीही बौद्ध आहोत, अशा आशयाच्या विधानाने त्यांनी आरंभ केला. भगवान बुद्धांच्या हृदयाविषयी, दीनांवरील त्यांच्या करुणेविषयी आणि लोकभाषेचा आग्रह धरण्याच्या त्यांच्या वृत्तीविषयी ते ज्या आदराने बोलले, तो आदर उसना नव्हता. मात्र पुढे त्यांनी निदान केले ते असे : शास्त्याच्या शिष्यांनी तत्त्वज्ञानाच्या क्षेत्रात वेदांच्या खडकावर डोके आपटले, आणि व्यवहारात ज्या सनातन ईश्वराला स्त्रीपुरुष घट्ट धरून असतात तोच राष्ट्रापासून हिरावून घेतला, परिणामी बौद्ध धर्माला भारतात स्वाभाविक मरण आले. त्याच भाषणाच्या अखेरीस ब्राह्मण आणि बौद्ध यांच्या ताटातुटीला त्यांनी भारताच्या अवनतीचे कारण ठरविले आणि ब्राह्मणांच्या बुद्धीला बुद्धांच्या हृदयाची जोड द्यावी, असे आवाहन केले.

या निदानात दोन विधाने एकमेकांत गुंतलेली आहेत. एक, ईश्वर गेल्यामुळे बौद्ध धर्म मेला. दोन, ही फूट पडल्यामुळे राष्ट्र पारतंत्र्यात गेले. पहिल्याविषयी थोडक्यात बोलू. बाराव्या शतकाच्या अखेरीस व तेराव्याच्या प्रारंभी नालंदेसारखी महाविहारे आक्रमणात उद्ध्वस्त झाली, हे इतिहासात नोंदलेले आहे. विहार जळाला, भिक्खू मारला गेला वा परागंदा झाला, तर उपासकाला दीक्षा व शिक्षण देणारा कोणी उरत नाही. बाबासाहेबांनी बौद्ध धर्माच्या ऱ्हासाची मीमांसा करताना याच मुद्द्यावर भर दिला होता. राजाश्रय ओसरणे हेही तसेच लौकिक कारण होय. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याचे दान वाकाटक नृपती हरिषेण याच्या वराहदेव नामक मंत्र्याचे आहे. तो आश्रय संपताच तेथील कामाचा ओघ आटला. जो मृत्यू तलवारीने आणि दानाच्या अभावाने घडतो त्याला स्वाभाविक म्हणणे हे निरीक्षण नव्हे, तो निवाडा आहे.

दुसरे विधान अधिक महत्त्वाचे आहे, कारण वर सांगितलेला प्रवचनी सिद्धांत त्याच्या आधाराने उभा राहतो. त्याची परीक्षा करण्यासाठी आम्हांस दूर जावे लागत नाही. देवगिरीचे यादव ईश्वरनिष्ठेत कोणाला हार जाणारे नव्हते. त्यांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचला. त्याच्या व्रतखंडात शेकडो व्रतांचा संग्रह आहे. त्याच रामचंद्रदेवाच्या राज्यात १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. आणि १२९६ साली अलाउद्दीन खलजी देवगिरीच्या तटापाशी आला, अगणित संपत्ती घेऊन गेला. चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते राज्यच संपले. त्या वेळी राष्ट्रापासून देव कोणी हिरावला होता? येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. ज्ञानेश्वरीच्या शेवटी जे मागणे आहे त्यात राज्याच्या रक्षणाची याचना नाही. दुष्टांचे दुष्टपण जावे आणि प्राणिमात्रांत मैत्र जडावे, असे ते मागणे आहे. आमच्या मैत्री-भावनेला ते फारसे परके नाही.

मेहकरचे उदाहरण तर हिवरा आश्रमाच्या उंबरठ्यावरचे आहे. मेहकरातील शार्ङ्गधर बालाजीची देखणी मूर्ती १८८८ साली जमिनीखाली सापडली. आक्रमणाच्या भयाने ती पुरून ठेवली गेली असावी, असे मानले जाते. ही समजूत खरी धरली, तर ज्यांनी खड्डा खणला, मूर्ती जपून आत ठेवली आणि वर माती लोटली, त्या अज्ञात भाविकांची वेदना आम्ही हलकी लेखत नाही. परंतु तेथे रक्षण कोणी कोणाचे केले, हे त्या मातीनेच सांगितले आहे.

आता आमच्या घराची झडतीही घेतली पाहिजे. बौद्ध राष्ट्रे या समजुतीपासून मुक्त होती काय? नव्हती. जपानचा सम्राट शोमू याने ७४१ साली प्रांतोप्रांती राजाज्ञेने विहार उभारविले. सुवर्णप्रभास सूत्राच्या पठनाने चार लोकपाल राज्याचे रक्षण करतील, ही त्यामागील धारणा होती. कोरियाने तर शत्रूच्या निवारणार्थ अकराव्या शतकात समग्र त्रिपिटक लाकडी ठोकळ्यांवर कोरले. १२३२ साली मोंगलांनी ते ठोकळेच जाळून टाकले. तेव्हा पुन्हा १२३६ पासून १२५१ पर्यंत खपून दुसरा संच कोरण्यात आला. तो आजही हेइन्सा विहारात आहे आणि ग्रंथसंशोधनाच्या दृष्टीने अनमोल आहे. राज्याला मात्र अखेर मोंगलांपुढे नमावेच लागले. ईश्वराच्या जागी सूत्र ठेवले म्हणजे चूक सुधारते, असे नाही.

मग तथागतांनी राष्ट्राच्या रक्षणाविषयी काय सांगितले? महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभी अजातशत्रूचा मंत्री वस्सकार वज्जींवर स्वारी करण्याचा मनसुबा घेऊन येतो. तथागत त्याला थेट उत्तर देत नाहीत. ते आनंदाला सात प्रश्न विचारतात. वज्जी वारंवार सभा भरवितात काय, एकमताने जमतात व एकमताने उठतात काय, ठरलेल्या नियमांनी वागतात काय, वृद्धांचा मान राखतात काय, स्त्रियांवर बळजोरी करीत नाहीत ना, आपल्या चैत्यांचा मान व पूर्वापार बली चालू ठेवतात काय, अर्हतांना संरक्षण देतात काय. जोवर हे आहे तोवर त्यांचा उत्कर्षच होईल, ऱ्हास नाही.

आमचे काही लेखक हा उतारा देताना सहावी अट हळूच गाळतात. ते आम्हांस मान्य नाही. चैत्य आणि बली हे शब्द तेथे आहेत, आणि बुद्धघोषांची अट्ठकथा तर बली चुकल्यास देवता रक्षण करीत नाहीत असेही सुचविते. प्रतिपक्षाने हे आमच्यासमोर ठेवावे, त्याचा तो अधिकार आहे. परंतु सुत्तात हे फळ देवता देते असे म्हटलेले नाही. जुने दिलेले वचन आणि सामाईक स्थळे पाळणारा समाज एवढाच तेथील अर्थ आम्ही लावतो. आणि अट्ठकथेचीच साक्ष घ्यावयाची तर ती पुरती घ्यावी. वज्जी पडले ते बली चुकला म्हणून नव्हे. वस्सकाराने त्यांच्यात तीन वर्षे राहून एकाचा दुसऱ्याविषयी संशय वाढविला. अखेर रणभेरी वाजली तेव्हा कोणीही एकत्र आले नाही. चैत्य जागच्या जागी होते.

कूटदंत सुत्तात हाच विचार अधिक स्पष्ट होतो. राजा महाविजित दीर्घकालीन कल्याणासाठी महायज्ञ करू इच्छितो. राज्यात चोऱ्या आणि लूट माजलेली असते. त्याचा पुरोहित म्हणतो की, अशा स्थितीत यज्ञासाठी कर वाढविणे अयोग्य होईल, आणि मृत्युदंडाने वा बंधनाने उपद्रव थांबणार नाही, कारण उरलेले लोक पुढे त्रास देतच राहतील. उपाय एकच : शेती व गोपालन करणाऱ्यांना बी-बियाणे व अन्न द्यावे, व्यापाऱ्यांना भांडवल द्यावे, राजसेवकांना वेतन द्यावे. राजा तसे करतो. लोक आपापल्या कामात गुंततात, राज्य निर्भय होते, आणि यज्ञ मागाहून होतो, तोही पशुवधाशिवाय. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात याची उलट बाजू आहे. राजा रक्षणाची व्यवस्था करतो, पण निर्धनांना धन देत नाही; तेथून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून वध, अशी साखळी तयार होते. जुलै २००६ मध्ये केंद्र शासनाला विदर्भातील सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली. त्या सहांत बुलढाणाही होता. या जिल्ह्यात भक्ती कमी पडली होती, असे कोणीही म्हणणार नाही.

हा प्रश्न आपल्या राष्ट्रासमोर एकदा प्रत्यक्ष मतास टाकण्यात आला होता, याचा विसर पडू नये. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा चालू असताना ह. वि. कामथ यांनी तिचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी दुरुस्ती मांडली. कामथ मध्य प्रांत व वऱ्हाडाचे प्रतिनिधी होते. म्हणजे बुलढाणा ज्या प्रांतात होता त्याच प्रांताचे. पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी, विचार व उपासनेचे स्वातंत्र्य देणाऱ्या उद्देशिकेत असा उल्लेख लादणे विसंगत होईल, असे सांगितले. पूर्णिमा बॅनर्जी यांनी तर ईश्वराला मतदानास लावू नका, अशी विनंती केली. कामथांनी आग्रह सोडला नाही. बाजूने ४१ आणि विरोधात ६८ मते पडली. विरोधकांत किती श्रद्धाळू होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या मतदानाचा अर्थ उलगडतो. ईश्वर नाकारला गेला नाही. तो व्यक्तीच्या अंतःकरणात राहू दिला गेला. म्हणूनच तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक केलेले कथन असे दोन्ही पर्याय आहेत. त्याच वर्षी मार्चमध्ये पाकिस्तानच्या संविधान सभेने सार्वभौमत्व अल्लाहचे असल्याचा ठराव केला होता. भाषा आणि मताधिकार यांची अवहेलना झाल्यावर १९७१ साली त्या राष्ट्राचे दोन तुकडे झाले, ते त्या ठरावाने टळले नाहीत.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी देशाने स्वातंत्र्य पूर्वी कसे गमावले याचे पाढे वाचले : दाहिराच्या सेनापतींनी घेतलेली लाच, जयचंदाचे निमंत्रण, शिवाजी महाराज लढत असता मोगलांच्या बाजूने उभे राहिलेले मराठे सरदार. या यादीत देवाचा कोप कोठेही नाही. त्याच भाषणात त्यांनी भिक्खुसंघाच्या सभानियमांचे स्मरण करून दिले : आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतगणना. वज्जींच्या पहिल्या दोन अटींचा धागा येथवर येतो.

आता विवेकानंदांकडे परत येऊ, कारण त्यांच्याविषयी अन्याय होऊ नये. २६ सप्टेंबरच्या सहाच दिवस आधी, २० सप्टेंबरला, ते त्याच व्यासपीठावरून फार निराळे बोलले होते. भारताला धर्माची टंचाई नाही. भुकेल्या माणसाने भाकरी मागावी आणि त्याला धर्म द्यावा हा त्याचा अपमान आहे, असा त्या छोट्या भाषणाचा आशय आहे. १८९७ साली मद्रासच्या व्याख्यानात त्यांनी आणखी पुढे जाऊन पुढील पन्नास वर्षे इतर सर्व देव बाजूस ठेवावेत आणि आपले देशबांधव हेच पहिले उपास्य मानावे, असे सांगितले. ज्यांनी राष्ट्रापासून देव हिरावल्याचा ठपका बौद्धांवर ठेवला, त्यांनीच राष्ट्रासाठी देवांना अर्धशतकाची रजा दिली. अनुयायी या व्याख्यानाचे शब्द अलंकारिक मानतात. आम्ही ते अक्षरशः घेतो, आणि असे घेण्यातच त्यांचा अधिक मान आहे, असे आमचे नम्र मत आहे.

हिवरा आश्रमातील पंगत आम्ही २० सप्टेंबरच्या भाषणाची फलश्रुती मानतो. गहू कोणा शेतकऱ्याच्या कोठीतला असतो, वांगी कोणाच्या मळ्यातली, पुऱ्या लाटणारे आणि तळणारे हात गावोगावचे. शुकदास महाराजांनी रोगी तपासले तेही याच भाषणाच्या बाजूने. म्हणून आश्रमाच्या चालकांना आमची एक विनंती आहे. जयंतीच्या उत्सवात शिकागोच्या पहिल्या भाषणाचे स्मरण बहुतेक ठिकाणी होते. तेथे २० आणि २६ सप्टेंबरची दोन्ही भाषणे एकापाठोपाठ वाचून दाखवावीत, आणि त्यानंतर कूटदंत सुत्ताचा मराठी अनुवाद वाचण्यासाठी जवळच्या विहारातील एखाद्या उपासकाला बोलवावे. वाचन पंगत बसण्यापूर्वी ठेवल्यास श्रोत्यांची संख्या भरपूर राहील.